राज्याच्या सुरक्षिततेसाठी अथेन्सकडे पाहावे की रोमकडे?

प्रश्न : गोदाकाठचा वाचक (नाशिक)

नमस्कार. कॉलेज रोडवरील आमच्या वाचनगटात सध्या प्राचीन ग्रीस आणि रोम यांच्या राज्यपद्धतींवर चर्चा सुरू आहे आणि ती एका प्रश्नावर येऊन अडली आहे. गटात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले आहेत, निवृत्त शिक्षक आहेत आणि देवळाली-ओझर या लष्करी भागात नोकरी केलेली काही मंडळीही आहेत. त्यामुळे राज्यपद्धतीची चर्चा फिरून फिरून संरक्षणाकडे वळते.

एका बाजूचे म्हणणे असे की, अथेन्सची थेट लोकशाही सुरक्षिततेच्या दृष्टीने कुचकामी होती. हजारो नागरिक पन्यिक्स टेकडीवर जमत, हात वर करून युद्धाचे आणि तहाचे निर्णय घेत आणि आजचा ठराव उद्या फिरवत. इ.स.पू. ४२७ मध्ये मिटिलिनीतल्या सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा हुकूम घेऊन जहाज रवाना झाले आणि दुसऱ्याच दिवशी तो हुकूम रद्द करण्यासाठी मागून दुसरे जहाज पिटाळावे लागले, हे या बाजूचे आवडते उदाहरण आहे. याउलट रोममध्ये सिनेट (ज्येष्ठ सरदारांची सभा) होती, एकमेकांना रोखू शकणारे दोन कॉन्सुल (दरवर्षी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी) होते आणि संकटकाळी सहा महिन्यांसाठी डिक्टेटर नेमण्याची सोय होती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, रोमने शत्रूंना हरवले खरे, पण शेवटी त्याच्याच सेनापतींनी प्रजासत्ताक गिळले, तेव्हा असे यश काय कामाचे?

लोकशाही चांगली की वाईट, हा वाद मला येथे नको आहे. आजच्या राज्यापुढे सीमेवरचा शत्रू, दहशतवाद आणि अंतर्गत उठाव असे प्रश्न असताना या दोन पद्धतींमधील नेमकी कोणती व्यवस्था उपयोगाची ठरते आणि कोणती घातक, हे जाणकारांनी उदाहरणांसह सांगावे, ही विनंती.

उत्तर १ : सातपूरचा इतिहासप्रेमी

आपल्या गटातील दोन्ही बाजू निर्णय किती जलद झाला आणि तो किती वेळा बदलला, एवढेच मोजत आहेत, असे मला वाटते. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत. सेनापतीला अधिकार देताना त्याला मर्यादा कोण घालतो आणि काम झाल्यावर त्याचा हिशेब कोण घेतो? अथेन्सने सगळा भर दुसऱ्या प्रश्नावर दिला, रोमने पहिल्यावर, आणि दोघांचेही पतन ज्या बाजूकडे दुर्लक्ष झाले त्या बाजूनेच झाले.

अथेन्समध्ये बहुतेक पदे चिठ्ठी टाकून भरली जात, पण दहा सेनापती मात्र मतदानाने निवडले जात आणि त्यांना कितीही वेळा पुन्हा निवडून येता येई. पेरिक्लीज तर सलग पंधरा वर्षे निवडून आला. म्हणजे युद्धाचे काम जाणकाराकडेच असले पाहिजे, एवढी समज त्या लोकशाहीला नक्कीच होती. मात्र पदावरून उतरताना प्रत्येकाला हिशेब द्यावा लागे आणि मुदतीच्या मध्येही सभा सेनापतीला पदावरून दूर करू शके. खुद्द पेरिक्लीजला इ.स.पू. ४३० मध्ये पदच्युत करून दंड केला गेला आणि लोकांनीच पुढच्या वर्षी त्याला परत निवडून दिले.

इथवर सगळे ठीक होते. पण हिशेबाची भीती मर्यादेपलीकडे गेली की, सेनापती शत्रूपेक्षा आपल्याच सभेला जास्त घाबरू लागतो. इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिली बेटावरील सिराक्यूजसमोर अथेन्सची मोहीम फसल्याचे स्पष्ट झाले होते आणि डेमोस्थेनिस (नंतरच्या काळातला वक्ता नव्हे, त्याच नावाचा सेनापती) परत फिरण्याचा आग्रह धरत होता. तरीही दुसरा सेनापती निकियास हलेना. हे सैनिकच अथेन्सला गेल्यावर आपल्यावर लाच खाल्ल्याचा आरोप करतील, तेव्हा आपल्या माणसांकडून अन्यायाने मरण्यापेक्षा शत्रूच्या हातून मेलेले बरे, अशा आशयाचे त्याचे बोलणे इतिहासकार थ्युसिडिडीजने नोंदवले आहे. अखेर तो निघायला तयार झाला, तेवढ्यात चंद्रग्रहण लागले आणि मुक्काम आणखी लांबला. संपूर्ण सैन्य आणि आरमार तिथेच संपले. पुढे इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसीची नाविक लढाई अथेन्सने जिंकली, पण वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आले नाही, म्हणून आठ सेनापतींवर एकत्रित मतदानाने खटला चालवण्यात आला आणि हाती लागलेल्या सहा जणांना मृत्युदंड देण्यात आला. विजयी सेनापतींना मारून टाकणाऱ्या राज्याचे आरमार पुढच्याच वर्षी इगोस्पोटामीला जवळजवळ संपूर्ण गमावले गेले, हा निव्वळ योगायोग नसावा.

आता रोमकडे पाहू. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनी येथे रोमचा शत्रू कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने एका दिवसात रोमची सुमारे ५०,००० माणसे कापली, असे रोमन इतिहासकार लिव्हीचे आकडे सांगतात आणि ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचे आकडे तर त्याहून मोठे आहेत. त्या लढाईतून जिवंत परतलेला कॉन्सुल व्हॅरो याचे स्वागत करायला लोक वेशीबाहेर गेले आणि प्रजासत्ताकाबद्दल त्याने आशा सोडली नाही, म्हणून त्याचे आभार मानले गेले. हाच माणूस कार्थेजचा असता, तर त्याला कोणती शिक्षा भोगावी लागली असती, असा शेराही लिव्ही मारतो. व्हॅरो हा काही थोर सेनानी नव्हता. पण हरलेल्या सेनापतीला फासावर लटकवण्यात वेळ न घालवता सिनेटने नवी पलटणे उभी केली, सरकारी खर्चाने ८,००० गुलाम विकत घेऊन त्यांनाही शस्त्रे दिली आणि युद्ध पुढे चौदा वर्षे चालवून जिंकले.

रोमची खोट कुठे होती, ते पाहायचे तर मी सीझरऐवजी इ.स.पू. ६७ या वर्षाकडे बोट दाखवीन. भूमध्य समुद्रात चाच्यांनी थैमान घातले होते, ओस्टिया या रोमच्या बंदरापर्यंत त्यांची मजल गेली होती आणि शहराचा धान्यपुरवठा धोक्यात आला होता. आजच्या भाषेत तो दहशतवादाचाच प्रश्न होता, कारण शत्रूला राजधानी नव्हती आणि सीमाही नव्हती. तेव्हा गॅबिनियस नावाच्या ट्रिब्यूनने (सामान्य लोकांनी निवडलेल्या अधिकाऱ्याने) कायदा आणून सेनापती पॉम्पीला तीन वर्षांसाठी संपूर्ण समुद्रावर आणि किनाऱ्यापासून पन्नास मैल आतपर्यंत अधिकार द्यावेत, असे सुचवले. सिनेटमधील बहुतेकांनी कडाडून विरोध केला, पण लोकांनी तो मंजूर केला आणि पॉम्पीच्या नेमणुकीच्याच दिवशी धान्याचे भाव उतरले, असे रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो सांगतो. पॉम्पीने ते काम तीन महिन्यांत पुरे केले. त्यामुळे पुढच्याच वर्षी पूर्वेकडच्या युद्धाचे अधिकारही त्यालाच दिले गेले, कारण आता 'एका माणसाकडे सगळे सोपवा' हा उपाय लागू पडतो, हे सिद्ध झाले होते. सीझरला पुढे जी वाट सापडली, ती या यशानेच रुंद करून ठेवली होती. अपयशी ठरलेला खास अधिकार आपोआप बंद पडतो. यशस्वी ठरलेला परत घेणे फार अवघड जाते.

उत्तर २ : नाशिकरोडची शिक्षिका

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यात अथेन्सवर थोडा अन्याय झाला आहे. सिराक्यूजच्या संहारानंतरही अथेन्स आणखी नऊ वर्षे लढले, हे विसरून चालणार नाही. साम्राज्यातील शहरे फुटत होती, इराणचा पैसा शत्रू स्पार्टाला मिळत होता, अथेन्सजवळचा डेकेलियाचा किल्ला शत्रूच्या ताब्यात गेल्यामुळे वीस हजारांहून अधिक गुलाम पळाले होते, आणि तरीही ही 'अस्थिर' लोकशाही आरमारे बांधत राहिली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पराभवानंतरची आहे. इ.स.पू. ४०४ मध्ये स्पार्टाच्या पाठिंब्याने सत्तेवर आलेल्या तीस जणांच्या टोळीने काही महिन्यांत सुमारे १,५०० लोक मारले. पुढच्या वर्षी लोकशाहीवाद्यांनी शहर परत मिळवले, तेव्हा सूडाचे सत्र सुरू होईल, अशीच कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात त्या तिसांना आणि त्यांच्या मोजक्या साथीदारांना वगळून बाकी सर्वांना माफी देण्यात आली, मागच्या गोष्टी उकरून काढणार नाही अशी शपथ नागरिकांनी घेतली आणि त्या तिसांनी लोकशाहीविरुद्ध लढण्यासाठी स्पार्टाकडून काढलेले कर्जसुद्धा सार्वजनिक खजिन्यातून फेडण्यात आले. त्यानंतर ती लोकशाही इ.स.पू. ३२२ पर्यंत टिकली. रोमला यादवीनंतर असे एकदाही जमले नाही. रोमन सेनापती सुल्लाने यादवीत रोम जिंकल्यावर मारायच्या लोकांच्या याद्या चौकात लावल्या होत्या. अंतर्गत सुरक्षेचा विचार करायचा असेल, तर उठाव मोडल्यानंतर राज्य काय करते, हाही त्याचाच भाग समजला पाहिजे.

मात्र एका बाबतीत रोमचे श्रेष्ठत्व मी विनातक्रार मान्य करते आणि ती बाब म्हणजे नागरिकत्व. अथेन्सने इ.स.पू. ४५१ मध्ये आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक, असा कायदा केला. दोस्त शहरांकडून खंडणी घेतली, इ.स.पू. ४५४ मध्ये संघाचा खजिना डेलॉसहून आपल्या शहरात आणला, पण त्या शहरांतल्या माणसांना आपले कधी मानले नाही. स्पार्टाची अवस्था तर याहून वाईट होती. ज्या हेलॉटांच्या (गुलामासारख्या राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या) श्रमावर ते जगत, त्यांच्याविरुद्ध एफर (स्पार्टाचे निवडून आलेले अधिकारी) दरवर्षी रीतसर युद्ध पुकारत, आणि पूर्ण हक्काचे नागरिक इतके घटले की इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राला ७०० पैकी ४०० पडले, तेव्हा त्या एका पराभवातून स्पार्टा सावरलेच नाही. स्पार्टाला आदर्श लष्करी राज्य म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

रोमने इटलीतील अंकित शहरांकडून खंडणीऐवजी सैनिक मागितले, त्या बदल्यात लुटीचा आणि जमिनीचा वाटा दिला आणि काहींना टप्प्याटप्प्याने नागरिकत्वही दिले. त्यामुळे कॅनीनंतर कापुआसारखे मोठे शहर फुटले तरी लॅटिन वसाहती (रोमने इटलीत वसवलेली दोस्त शहरे) रोमच्या बाजूने राहिल्या. शत्रूलाही हे दिसत होते. मॅसिडोनियाचा राजा फिलिप पाचवा याने थेसलीतील लारिसा शहराला लिहिलेले पत्र शिलालेखाच्या रूपाने उपलब्ध आहे. रोमन लोक मुक्त केलेल्या गुलामांनाही नागरिक करून घेतात आणि त्यामुळेच त्यांचे राज्य वाढले, तेव्हा तुम्हीही तसेच करा, असे तो त्यात बजावतो. हा धडा रोम स्वतःही मध्येच विसरले होते आणि इ.स.पू. ९१ मध्ये इटलीतील दोस्तांनी बंड केल्यावरच त्याला नागरिकत्वाचा कायदा करण्याची बुद्धी झाली. ज्यांच्याकडून आपण संरक्षणाची अपेक्षा करतो, त्यांना राज्यात वाटा देण्याचा प्रश्न आजही तितकाच खरा आहे.

उत्तर ३ : देवळालीकर (निवृत्त)

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, तोफखान्यात नोकरी केलेला माणूस आहे. त्यामुळे घटनेच्या रचनेपेक्षा मला शिपायाचा प्रश्न आधी दिसतो. त्याचा पगार कोण देतो आणि नोकरी संपल्यावर त्याचे पुढे काय होते?

जुन्या रोममध्ये सैनिक हा शेतकरी असे. मालमत्ता असलेलाच सैन्यात जाई आणि मोहीम संपली की आपल्या शेतावर परते. मोहिमा लांबत गेल्या, शेते बुडाली आणि इ.स.पू. १०७ मध्ये कॉन्सुल मारियसने मालमत्ता नसलेल्यांनाही भरती करून घेतले. सैन्याच्या गरजेपुरते पाहिले तर त्याचा निर्णय बरोबर होता. पण या माणसांना निवृत्तीनंतर जमीन द्यायची, तर ती देणारी कोणतीही कायमची व्यवस्था राज्याने केली नाही. सिनेट चालढकल करी आणि सेनापतीच आपल्या राजकीय वजनावर जमिनी मिळवून देई. मग शिपाई कोणाचे ऐकणार? इ.स.पू. ८८ मध्ये सुल्लाने आपले सैन्य खुद्द रोम शहरावर नेले, तेव्हा एक अधिकारी सोडून बाकी सगळे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले. शिपाई मात्र त्याच्यामागे गेले. कायदा कळणाऱ्यांनी साथ सोडली आणि पोट हातावर असणाऱ्यांनी ती धरली, असा त्याचा अर्थ आहे.

यावर खरा उपाय पहिला रोमन सम्राट ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये केला. त्याने निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र खजिना काढला आणि त्यासाठी वारसाहक्कावर पाच टक्के आणि लिलावातील विक्रीवर एक टक्का असे कर बसवले. म्हणजे सेनापतीच्या मेहेरबानीऐवजी ठरलेल्या करातून पैसे मिळू लागले. दुर्दैवाने तोपर्यंत प्रजासत्ताक उरलेच नव्हते. आमच्यासारख्यांचे निवृत्तिवेतन ठरलेल्या नियमाने थेट बँकेत जमा होते, ते कोणत्या जनरलच्या हाताखाली काम केले यावर अवलंबून नसते आणि म्हणून आपल्या देशात जनरल निवृत्त झाला की घरी जातो. सैन्याने राजकारणापासून दूर राहावे, असे नुसते संस्कार देऊन भागत नाही, त्याचा खर्च राज्याने वेळेवर उचलावा लागतो.

उत्तर १ मधील निकियासच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. चौकशी व्हावी, पण निकाल हरल्या-जिंकल्यावर न लावता निर्णय त्या वेळी उपलब्ध माहितीवर योग्य होता का, यावर लावावा.

गोदाकाठचा वाचक

तिघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारतो. सिंहस्थ जवळ येत आहे आणि बंदोबस्त, जमावबंदी, खास अधिकार यांची बोलणी नाशकात घरोघरी चालू आहेत. युद्ध नसताना, शहरातच धोका आहे असे सांगून जे अधिकार वापरले जातात, त्यांच्याबद्दल ग्रीस-रोममधून काही शिकता येते का?

उत्तर ४ : सीबीएसजवळचा वकील

येथे रोमचे उदाहरण जास्त बोलके आहे, कारण शहराच्या आत आणि शहराच्या बाहेर असा फरक रोमन कायद्यानेच केलेला होता. शहराच्या पवित्र हद्दीत शिरताना कॉन्सुलच्या सेवकांना आपल्या काठ्यांच्या जुडीतून कुऱ्हाडी काढून ठेवाव्या लागत. हद्दीबाहेर सेनापतीला सैनिकाच्या जीवनमरणाचा अधिकार होता, आत मात्र नागरिकाला लोकांकडे दाद मागता येई.

हा फरक पुसला गेला तो एका ठरावाने. इ.स.पू. १२१ मध्ये सिनेटने कॉन्सुल ओपिमियसला, प्रजासत्ताकाला इजा पोहोचणार नाही हे पाहावे, एवढेच सांगितले. त्यात कोणते कायदे स्थगित, किती दिवसांसाठी आणि कोणाविरुद्ध, यातले काहीही स्पष्ट नव्हते. सुधारणांचा पुढारी गायस ग्रॅकस मारला गेला आणि त्याचे सुमारे ३,००० समर्थक मेल्याचे चरित्रकार प्लूटार्क सांगतो. ओपिमियसवर पुढे खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. पुढे इ.स.पू. ६३ मध्ये याच प्रकारच्या ठरावाच्या आधारे तेव्हा कॉन्सुल असलेल्या सिसेरोने सत्ता उलथवण्याच्या कॅटिलिनच्या कटातील पाच जणांना खटल्याविना ठार केले आणि त्यापायी इ.स.पू. ५८ मध्ये त्याला हद्दपार व्हावे लागले. एकाच प्रकारच्या कृत्याला एकदा मोकळीक आणि एकदा हद्दपारी मिळाली, कारण कायदा संदिग्ध होता आणि निकाल राजकारणावर लागत होता.

आपल्याकडे हा धडा १९७५ नंतर शिकला गेला. तोपर्यंत राज्यघटनेच्या आणीबाणीविषयक कलम ३५२ मध्ये 'अंतर्गत अशांतता' असे मोघम कारण पुरेसे होते. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने त्या जागी 'सशस्त्र उठाव' हे शब्द आले, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवणे बंधनकारक झाले, संसदेची मंजुरी एका महिन्यात विशेष बहुमताने घ्यावी लागू लागली आणि ती एका वेळी सहा महिन्यांपुरतीच मर्यादित झाली. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क तर आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. जमावबंदीचेही तसेच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकत नाही, आणि मुदत वाढवायची तर राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते, ती मुदतही आणखी सहा महिन्यांपलीकडे जाऊ शकत नाही. सिंहस्थासारख्या गर्दीत बंदोबस्ताचे अधिकार लागणारच. आदेशात कारण, हद्द आणि मुदत लिहिलेली आहे का, हे नागरिकांनी वाचून पाहावे.

उत्तर ५ : पाथर्डी फाटा

चर्चा छान आहे, पण आपल्याकडच्या गणराज्यांचा उल्लेख कोणीच केला नाही. वज्जींचे गणराज्य जिंकता येईल का, हे विचारायला मगधाचा राजा अजातशत्रू याने आपला मंत्री वस्सकार याला बुद्धांकडे पाठवले होते. वज्जी वारंवार सभा भरवतात का, एकत्र येऊन निर्णय घेतात का, ठरलेले नियम पाळतात का, असे बुद्धांनी आनंदाला विचारले. ते ऐकून वस्सकार म्हणाला की, मग युद्धाने नव्हे, लाच देऊन किंवा फूट पाडूनच त्यांना जिंकावे लागेल. जाता जाता, आपल्या पांडवलेण्यातल्या एका लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा दत्तामित्री येथील यवन (ग्रीक) होता, असे तिथला शिलालेख सांगतो. ग्रीक राज्यपद्धतींविषयी त्याला विचारता आले असते तर बरे झाले असते!

नाशिकरोडची शिक्षिका

वकील साहेबांच्या मुद्द्यात एक भर घालावीशी वाटते. सहा महिन्यांची मुदत रोमच्या डिक्टेटरलाही होती आणि ती शतकानुशतके पाळली गेली, याचे कारण नुसता आकडा नव्हता. डिक्टेटरला कॉन्सुल नेमत असे, काम विशिष्ट असे आणि काम झाल्यावर मुदतीआधीच पद सोडण्याची रीत होती. इ.स.पू. ४५८ मध्ये सिन्सिनॅटसने सोळाव्या दिवशी पद सोडले, अशी परंपरा सांगते. इ.स.पू. ८२ मध्ये सुल्लाने तेच नाव घेतले, तेव्हा ते पद शतकाहून अधिक काळ वापरात नव्हते. त्याची नेमणूक करणारा अधिकारी त्याच्या सैन्याच्या धाकाखाली होता आणि मुदत घातलेलीच नव्हती. सुल्लाने पुढे ते पद स्वतःहून सोडले, सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये ते तहहयात करून घेतले. म्हणून मुदत किती, याबरोबरच ती वाढवण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, तो सत्ता वापरणाऱ्यापासून खरोखर वेगळा आहे का, हे विद्यार्थ्यांनी प्रत्येक कायद्यात तपासावे. कलम ३५२ मध्ये तो अधिकार संसदेकडे आहे, कलम १६३ च्या आदेशात मात्र राज्य सरकारकडे.

सातपूरचा इतिहासप्रेमी

हे पटले. गॅबिनियसच्या कायद्यातही तीन वर्षांची मुदत होतीच. तिची वाट न पाहता पुढच्या वर्षी नवा कायदा करून पॉम्पीला आणखी अधिकार दिले गेले, आणि ते देणारी सभा तीच होती जिला चाच्यांचा बंदोबस्त झाल्याचा आनंद झाला होता. गटाच्या पुढच्या बैठकीत इ.स.पू. ६६ मधला तो दुसरा कायदा आणि त्याच्या बाजूने सिसेरोने केलेले भाषण घ्यावे, असे सुचवतो.